घरात कुणाचं खाणं बिघडलंय असं वाटलं तर काय करायचं

माझ्याकडे मुलींना घेऊन येणाऱ्या आयांच्या मागण्या साधारण दोनच असतात. "मॅडम, हिचं वजन तेवढं उतरवून द्या, दिवाळीनंतर स्थळं बघायचीत." नाहीतर, "ही काही खायलीच नाही हो, एखादं टॉनिक लिहून द्या." मी आहारतज्ज्ञ, सोलापूर शहरातल्या 'जुळे सोलापूर' भागात बसते. या दोन्ही मागण्यांमागे कितीतरी वेळा एकच दुखणं निघतं, आणि ते ना टॉनिकनं जातं ना चार्टनं. उलट खाण्याचा आजार जडलेल्या मुलीच्या हातात मी डाएट चार्ट ठेवला, तर उपाशी राहायला तिला माझ्या सहीची परवानगीच मिळते.

म्हणून हे लिहितेय. मुख्यतः आईवडिलांसाठी, पण आजी, काकू, होस्टेलच्या रेक्टर बाई यांनाही उपयोगी पडेल. एक आधीच सांगते. किती किलो, किती कॅलरी, कुणी कुठली युक्ती केली, यातलं काही मी लिहिणार नाही. हा आजार असलेली पोरं असलं लिखाण आकड्यांसाठी आणि युक्त्यांसाठीच वाचतात. उदाहरणं अनेकींची मिसळून दिलीत, त्यात आपल्या शेजारणीची मुलगी शोधत बसू नका.

दुखणं कुठलं?

तीन नावं लक्षात ठेवा. ॲनोरेक्सियात खाणं कमी कमी होत जातं, वजन घसरतं, आणि तरी 'मी जाडच आहे' ही खात्री हलत नाही. बुलिमियात एकदम भरमसाट खाल्लं जातं आणि मग ते फेडायला उलटी, जुलाबाच्या गोळ्या, कडकडीत उपास नाहीतर अंग मोडेस्तोवर व्यायाम. बिंज ईटिंगमध्ये भरमसाट खाणं आहे, हात थांबत नाही, नंतर लाज वाटते, पण फेडाफेड नाही. बुलिमियाला नाव आणि ओळख मिळाली ती जेराल्ड रसेल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांमुळे, १९७९ मध्ये. बिंज ईटिंग तर अमेरिकेच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र आजार म्हणून २०१३ मध्ये आलं. तेव्हा तुमचे जुने फॅमिली डॉक्टर "काही नाही, वयच आहे तसं" म्हणाले तर त्यांच्यावर रागावू नका, पण तेवढ्यावर थांबूही नका.

बुलिमिया किंवा बिंज असलेली मुलगी चारचौघींसारखी दिसते, कधी अंगानं जाडही असते. हाडं दिसेपर्यंत वाट बघायची नाही.

मनात काय चाललेलं असतं?

वडील मंडळी म्हणतात, "सगळी त्या मोबाईलची करणी." थोडं खरं आहे. रील्समधली चपटी पोटं दिवसाला शंभरदा डोळ्यांपुढून गेली की आपलं पोट खटकायला लागतंच. पण रील्स तर सगळ्याच पोरी बघतात. आजार काहींनाच होतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसलंय की यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. त्यात स्वभाव येतो: सगळं परफेक्ट हवं, एक मार्क गेला तरी झोप नाही, मनातलं बोलून दाखवता येत नाही, चिंता फार. शाळेत कुणी 'ढोली' म्हणून चिडवलेलं असतं. आणि या सगळ्याला काडी लावतं ते बहुतेकदा एक साधं डाएट, मैत्रिणींबरोबर सुरू केलेलं, ज्यातून मैत्रिणी आठवड्याभरात बाहेर पडल्या आणि ही पडली नाही.

मी चार्टच्या पाठकोऱ्या बाजूला एक गोल काढून देते, भाकरीएवढा. "तू स्वतःला चांगली-वाईट कशाकशावरून ठरवतीस? त्याचे वाटे पाड." ख्रिस्तोफर फेअरबर्न या इंग्लंडच्या मानसोपचारतज्ज्ञांनी बसवलेल्या उपचारपद्धतीत हा प्रकार आहे. इतर मुली अभ्यास, मैत्रिणी, घर, खेळ, गाणं असे वाटे पाडतात. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एकीनं कडेला बारीकशी फाक काढून त्यात 'मार्क' लिहिलं, आणि उरलेल्या अख्ख्या गोलात 'पोट'. मग त्या दोन अक्षरांवरून पेन फिरवत राहिली, खालचा कागद फाटेपर्यंत. शेजारी आई बसलेली. मुलगी वर्गात दुसरी होती, राज्यपातळीवर खो-खो खेळलेली होती. खो-खो त्या गोलात कुठंच नव्हता.

एवढा मोठा वाटा एकाच गोष्टीनं व्यापला की काट्यावर थोडं चढलं तरी सगळं आयुष्य नापास. बाकी कशावर तिचा ताबा नसतो. घरातली भांडणं, राहिलेला विषय, लग्नाची घाई, कधी कुणी नको तिथं लावलेला हात. जेवणावर मात्र ताबा चालतो. उपाशी राहिल्यावर तिला 'हे मला जमतंय' असं वाटतं. त्यामुळे "खा गं, काय थेरं लावलीस" हे तिला माया म्हणून ऐकूच येत नाही. हातातली एकच गोष्ट हिसकावायला आलेत असं वाटतं.

आरशाचंही तसंच. आपल्याला जी मनगटाची काडी दिसते ती तिला दिसत नाही. या आजारात स्वतःच्या शरीराचा आकार आहे त्याहून मोठा भासतो, आणि हा भास वाद घालून उतरत नाही. "अगं बघ जरा आरशात!" हे वाक्य सोडून द्या.

आता उलटी बाजू, जी आईवडिलांना कुणी सांगत नाही. उपासमार स्वतःच डोकं फिरवते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं. निवडून घेतलेले, मनानं खंबीर असे ते तरुण. त्यांना डोळ्यांपुढे अन्नच दिसायला लागलं. पाककृतींची पुस्तकं वाचायचे, एकेक जेवण तासभर चघळत बसायचे, ताट चाटायचे, चिडायचे, एकटे राहायचे. पोटभर जेवण परत सुरू झाल्यावरही काहींना गाडी रुळावर यायला कित्येक महिने लागले. तुमची मुलगी रात्री एकला केक बनवायचे व्हिडिओ बघते, घरादाराला पावभाजी करून घालते आणि स्वतः चव घेत नाही, हे ढोंग नव्हे. उपाशी मेंदू असाच वागतो. म्हणूनच मी आधी पोटात अन्न जाऊ द्या म्हणते, कारण उपाशी डोक्यात समुपदेशन शिरत नाही.

आणखी एक. आपल्याकडच्या सगळ्याच मुली "मला बारीक व्हायचंय" म्हणतील असं नाही. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात लिहून ठेवलंय की त्यांच्या ॲनोरेक्सियाच्या बऱ्याच रुग्णांना जाडीची भीती नव्हतीच. पोट फुगतं, भूक लागत नाही, एवढंच त्या सांगायच्या. सोलापुरातही "ॲसिडिटी होते", "जेवलं की छातीशी बसतं" असंच ऐकू येतं. एंडोस्कोपी नॉर्मल येते आणि वजन घसरतच राहतं.

काय काय बघायचं?

ताट बघा. कडक भाकरी नखाएवढ्या तुकड्यांत मोडत बसणं, तुकडे ताटाच्या कडेला लावून ठेवणं, पाऊण तासानं उठताना आमटीत भिजवून टाकणं. शेंगा चटणीवरचं तेल कागदानं टिपणं. आधी भात सुटतो, मग तूप, मग शेंगदाणे, मग "मला दुधाचा वास येतो". मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी तेवढी अर्धी उरते, तीही कमी होते. "मी मैत्रिणीकडं खाऊन आले" हे वाक्य वाढतं.

शरीर बघा. पाळी चुकते किंवा बंद होते आणि घरचे परस्पर पीसीओडीचं निदान करून मोकळे होतात. केस गळतात, हातपाय गार पडतात. एप्रिलमध्ये सोलापूर चाळिशीपार तापलेलं असताना पोरगी लांब बाह्यांचा सैल कुर्ता घालून बसते. चक्कर आली की "ऊन लागलं" म्हणून कांदा हुंगवतात. उन्हानं चक्कर येतेच, पण उपाशीपोटी आणि उलट्यांनी पाणी गेलेल्या शरीराला ती आधी येते. उलट्या होत असतील तर गाल कानाखाली सुजल्यासारखे दिसतात, बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडतात, वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजते. आजाराचा पहिला संशय पुष्कळदा दाताच्या डॉक्टरला येतो. जेवल्या जेवल्या बाथरूम, आणि आत नळ सोडलेला, हे घरातल्यांना ठाऊक असतं, फक्त कुणी बोलत नाही.

उपास बघा, आणि नीट बघा. आपल्याकडे हा आजार देवाच्या नावाखाली वर्षानुवर्षं लपतो. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, श्रावण, नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या पाण्यावर. पंढरपूरच्या जिल्ह्यात एकादशीला कोण नाही म्हणणार? मला उपासाचं वावडं नाही, माझ्या घरात भगर आणि शेंगदाण्याची आमटी आवडीनं होते. फरक साधा आहे. उपास सोडायची वेळ झाल्यावर तिला आनंद होतो की घाम फुटतो? द्वादशीला ती पारणं करते की नवा उपास काढते? बरं होईपर्यंत उपास बंद, आणि हे घरातल्या सगळ्यात सोवळ्या माणसानं सांगायचं. आजी म्हणाली, "विठोबाला मी सांगते, तू जेव", तर ते माझ्या दहा भेटींपेक्षा भारी पडतं.

सुनेकडेही लक्ष असू द्या. ती शेवटी जेवते, स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या. ती काय जेवली हे कुणीच बघितलेलं नसतं. बाळंतपणानंतर पोट सुटलं म्हणून टोमणे खाल्लेल्या कितीजणी रात्री सगळी निजल्यावर डबे उघडतात आणि सकाळी काही खात नाहीत. तिला आजार आहे की नाही ते नंतर बघू. आजपासून ती सगळ्यांबरोबर पंगतीला बसेल एवढं करा.

घरातली अंगाबद्दलची भाषा थांबवा

हे सगळ्यात अवघड काम आहे, आणि मुलीला एक अक्षर न बोलता आज संध्याकाळपासून सुरू करता येतं.

आपल्याकडे माणूस दिसला की पहिलं वाक्य त्याच्या अंगावरच. "काय गं, सुटलीस की!" "किती वाळलीस, जेवायला देत नाहीत का आईबाप?" सासरहून आलेल्या मुलीला "पाणी मानवलं बाई सासरचं." जुन्या बायकांच्या तोंडी भरलेलं अंग हे कौतुकच होतं, आणि अजूनही आहे. घोटाळा इथंच होतो. महिनोन्‌महिन्यांच्या धडपडीनंतर मुलीचं वजन थोडं वर येतं आणि काकू दारातच म्हणतात, "आता कशी तब्येत छान दिसायलीय!" काकूंना ते कौतुक वाटतं. मुलीला ऐकू येतं, 'तू जाड झालीस.' त्या रात्री ताट परत जातं. तेव्हा वाईट बोलू नका एवढं पुरत नाही, चांगलंही बोलू नका. अंगाचा विषयच नको. रंगाचाही नको.

आईनं स्वतःबद्दलचंही आवरायचं. "मला नको बाई पोळी, आधीच ड्रम झालाय माझा" हे तुम्ही रोज ताटावर म्हणत असाल, तर मुलगी ते लहानपणापासून शिकतेय. वडिलांनी टीव्हीवरच्या बायकांच्या अंगावर शेरे मारायचे नाहीत. भावानं 'म्हैस' म्हणायचं नाही, लाडानंही नाही.

पाहुण्यांचं काय? सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला चारी बाजूंनी नातेवाईक येतात, लग्नसराईत तर विचारूच नका. आधी फोन करून सांगा: "तिच्या अंगाबद्दल, जेवणाबद्दल काही बोलू नका, डॉक्टरांनी सांगितलंय." डॉक्टरांचं नाव घेतलं की लोक ऐकतात. तरी मामा बोललेच, तर तिच्यासमोरच, हसून, पण ठाम: "मामा, आमच्या घरात तो विषय बंद आहे. प्रोजेक्टचं विचारा तिला." तिच्या बाजूनं कुणीतरी बोललं हे तिला दिसणं महत्त्वाचं.

वस्तूही हलवा. वजनकाटा घरातून काढा, माळ्यावर नको, घराबाहेर. अकरावीत बसणारी जीन्स 'कधीतरी होईल' म्हणून कपाटात ठेवलेली असते, ती देऊन टाका आणि आजच्या मापाचे कपडे आणा. ब्लाउज शिवायला गेलात तर मास्तरांना माप मोठ्यानं ओरडू नका, कागदावर लिहा म्हणून सांगा. नवी पेठेत गर्दीच्या दुकानात छाती-कंबर पुकारली जाताना मुलींची तोंडं बघितलीत का कधी?

आणि स्थळं. माझं मत स्पष्ट आहे. आजार चालू असताना कांदेपोहे नकोत. "पुढच्या वर्षी बघू" म्हणा. बघायला आलेल्या माणसांनी तिचं अंग न्याहाळणं, हे त्या काळात तिला सोसत नाही.

तिच्याशी बोलायचं कसं?

जेवणाच्या वेळी नाही. भांडण झाल्यावर नाही. गाडीवरून जाताना, गच्चीवर कपडे काढताना, जिथं डोळ्यांत डोळे घालून बसावं लागत नाही अशा ठिकाणी. एकानंच बोलायचं, सगळ्या घरानं घेराव घालायचा नाही.

वजन, जाडी, दिसणं यावर न जाता जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा. "परवा तुला जिन्यात चक्कर आली. रात्री दोनला तुझा लाईट चालू असतो. तू मैत्रिणींकडं जायचं सोडलंस. मला काळजी वाटायलीय. काय होतंय ते मला कळत नाही, पण मी ऐकून घेते." मग गप्प बसा. ती "काही नाही गं" म्हणेल, चिडेल, उठून जाईल. जाऊ द्या. चार दिवसांनी परत तेवढंच, तितक्याच शांतपणे. आजार नाकारणं हा या आजाराचाच भाग आहे.

"आम्ही तुझ्यासाठी काय काय केलं", "लोक काय म्हणतील", "तिकडं लोकांना खायला नाही आणि तू" ही वाक्यं गिळा. शपथा घालू नका. ती तुमच्या शपथेखातर एक पोळी खाईल आणि मग त्या पोळीची आणि शपथेची दोन्हीची अपराधी भावना घेऊन बसेल.

मरणाचा विषय टाळू नका. "जगणं नको वाटतं का गं कधी?" असं सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा नंबर आहे. २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलतात.

कुठं जायचं, कुठल्या क्रमानं?

आधी फिजिशियन, लहान मुलगी असेल तर बालरोगतज्ज्ञ. नाडी, आडवं आणि उभं राहून बीपी, ईसीजी, रक्तातलं सोडियम-पोटॅशियम-फॉस्फेट, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे आजार नाही असं धरू नका, रक्त बराच काळ सांभाळून घेतं. वारंवार उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्यांनी पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचा ठोका बिघडतो. जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली, बेशुद्ध पडणं, छातीत धडधड, पाणीही पोटात न ठरणं, यातलं काही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी.

मग मानसोपचारतज्ज्ञ. सोलापुरात खासगी आहेत, आणि सिव्हिलला, म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. "वेड्यांच्या डॉक्टरकडं नाव कशाला" म्हणणारे घरात एक तरी निघतात. त्यांना सांगा, डोक्याचा आणि हृदयाचा दोन्हीचा प्रश्न आहे, नावाचा नंतर बघू. बुलिमियात फ्लुऑक्सेटिनसारख्या औषधाचा उपयोग होतो. ॲनोरेक्सिया नुसत्या गोळीनं बरा होत नाही, तिथं अन्न आणि बोलणं हेच औषध. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही इतर आजारांसारखं संरक्षण द्यायचं असतं, पॉलिसी काढून वाचा. आहारतज्ज्ञ तिसऱ्या नंबरावर. जो आहारतज्ज्ञ पहिल्या भेटीत हातात चार्ट आणि वजनाचं टार्गेट देईल, तिथं परत जाऊ नका. हे मी माझ्याच धंद्यातल्या लोकांबद्दल बोलतेय.

ताटावर बसायचं कसं?

लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात एक पद्धत बसवली गेली: मुलगी शाळा-कॉलेजच्या वयाची असेल तर जेवणाचा ताबा काही काळ आईवडिलांनी घ्यायचा. आजार तुमच्यामुळे झाला असं ही पद्धत मानत नाही. बरं करायला मात्र तुम्हीच लागता. हे डॉक्टरांच्या देखरेखीत करायचं, कारण बरेच दिवस फार कमी खाल्लेल्या शरीरात एकदम अन्न ओतलं तर फॉस्फेट कोसळून जिवावर बेततं. चार दिवसांत भरून काढू म्हणून शिरा, लाडू, तुपाची धार, असलं काही करू नका.

ताट तुम्ही वाढायचं. काय आणि किती यावर ताटावर बसून घासाघीस नाही. ते आधी डॉक्टरांबरोबर ठरलेलं असतं. तीन जेवणं आणि मधली दोन-तीन खाणी, तीन-चार तासांच्या वर अंतर नाही. एक मोठं माणूस शेजारी बसून तेच जेवतं. मोबाईल बाजूला. गप्पा कशाच्याही: सिरीयल, शेजाऱ्याची मांजर, पाण्याचा टँकर कधी येणार (सोलापुरात हा विषय संपत नाही). घास मोजायचे नाहीत. अडकली तर "अवघड आहे, मला दिसतंय. पुढचा घास" एवढंच. रडली, ताट ढकललं, तरी ओरडायचं नाही. पुढचं खाणं ठरल्या वेळी पुन्हा समोर. जेवणानंतर तासभर तिच्यासोबत राहा, पत्ते खेळा, कॅरम मांडा. त्या तासात उलटीची ऊर्मी सर्वात जोरात असते.

बिंज असेल तर डबे कुलपात घालू नका, चिवड्याचा डबा मोजू नका. लपूनछपून खाणं त्यानं वाढतं. रात्री भरमसाट खाल्लं तरी सकाळी नाश्ता करायचाच. इथं आया माझ्याशी भांडतात: "मॅडम, एवढं खाल्लंय रात्री, सकाळी कशाला?" सकाळी नाही खाल्लं तर संध्याकाळी परत तेच होणार, म्हणून. नियम कडक, मग तो मोडला, मग लाज, मग आणखी कडक नियम, हे चक्र नाश्त्यापाशीच तोडता येतं. वजन उतरवायचा विषय तोवर बाजूला.

मुलगी मोठी, नोकरी करणारी असेल तर जबरदस्ती चालत नाही. तिथं तिची तयारी लागते. तुम्ही दार उघडं ठेवायचं आणि तपासण्यांपुरता आग्रह धरायचा.

मुलग्यांचं

मुलग्यांमध्ये हा आजार उशिरा कळतो, कारण त्यांचं खाणं बिघडलं की लोक कौतुक करतात. "काय बॉडी केलीय!" तालमीत कुस्तीच्या वजनगटासाठी पाणी तोडणं, पोलीस भरतीच्या आधी छातीच्या मापाचा ध्यास, जिममध्ये उकडलेल्या अंड्यांखेरीज काही न खाणं आणि रविवारी 'चीट डे'ला पोट फुटेस्तोवर. काहींना दंड भरलेले असूनही आपण हडकुळे दिसतो असंच वाटत राहतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप यांनी १९९० च्या दशकात या प्रकाराचा अभ्यास केला. असा मुलगा लग्नाची पंगत चुकवतो, जिम चुकली तर दिवसभर धुमसतो, आणि कुणीतरी दिलेली इंजेक्शनं घेतो. जिमच्या बॅगेत औषधं सापडली तर आधी डॉक्टरांना दाखवा, फेकून देऊन भांडण काढू नका.

तू स्वतः हे वाचत असशील तर

एका माणसाला सांग. आईच असली पाहिजे असं नाही. मोठी बहीण, आत्या, कॉलेजातल्या मॅडम, कुणीही. तोंडानं जमत नसेल तर मेसेज कर. वहीत काय खाल्लं यापेक्षा खाण्याआधी काय झालं होतं ते लिही: कुणाचा फोन, कुणाचा शेरा, किती वेळ उपाशी. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. खाण्याची किंवा उलटीची ऊर्मी आली की ती वाढते, वाढते आणि मग ओसरते. तेवढा वेळ खोलीतून बाहेर ये, माणसांत बस. आरशासमोर पोट आत घेऊन बघणं, कपडे ओढून बघणं दिवसातून किती वेळा होतं ते एक दिवस नुसतं मोज. उलटी झालीच तर लगेच दात घासू नकोस, पाण्यानं चूळ भर. आम्लानं मऊ पडलेलं दातावरचं आवरण ब्रशनं खरवडलं जातं.

पहिल्या भेटीला काय न्यायचं

जुने रिपोर्ट, चालू गोळ्या (घरगुती चूर्णंसुद्धा, 'पोट साफ' होणारी तर नक्की), पाळीच्या गेल्या काही महिन्यांच्या तारखा, वर्षभरातल्या उपासांची यादी, आणि ती कुणाबरोबर जेवते याची माहिती. तिच्याशी मी काही वेळ एकटीशी बोलते, तेव्हा आईनं बाहेर बसायचं. वजन करताना मी तिला काट्यावर पाठमोरी उभी करते, आकडा तिला दिसत नाही. तुमच्या डॉक्टरांकडेही असंच करायला सांगा, बहुतेकजण ऐकतात. आणि निघताना दारातून "किती भरलं हो मॅडम?" असं विचारू नका. संध्याकाळी सातनंतर मला फोन करा, सांगते.